सुलतानपूरच्या फाट्यावर

"उतर वं खाली!"

मोटारवाल्यानं मायले हात लावला नाही. बाटला असता ना. छत्रीच्या टोकानं तिच्या बरगडीत ढोसलं.

माय तापानं फणफणली होती. सुलतानपूरच्या फाट्यापर्यंत मी, तिच्या लेकीनं, तिले पाठीवर आणलं होतं. मेहकरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोटार लोणारहून आली, तळं पाहून परतणारे पाहुणे घेऊन. मागची फळी रिकामी दिसली. तिच्यावर मायले टेकवलं. बस, एवढंच.

"भाडं देतो ना दादा. माय लई बिमार हाय."

"महारवाड्यातली बाई बसवली त माह्या मोटारीत कोण बसन?"

समोर बुलढाण्याचे एक वकील बसले होते, बायकोसंगं. मी त्यांच्यापुढं हात जोडले. शिकलेला माणूस, बोलन काहीतरी. ते मोटारवाल्याले म्हणाले, "रस्ता मात्र झकास केलाय हो यंदा. धक्का म्हणून बसत नाही."

तो रस्ता आमचाच. तळ्यावर जाता-येता पाहुण्यांचे हाल होतात म्हणून नागपूरहून हुकूम सुटला, अन् आमचा अख्खा वाडा गिट्टी फोडाले बसला. मायचं बोट चेंदलं ते याच रस्त्यावर.

मी मायले उतरवलं. मोटार गेली.

फाट्यावर पाहुण्यांसाठी टिनाचं नवं शेड होतं. आत पाण्याचे रांजण. राखणदार म्हणाला, "इथं नको. तिकडं उन्हात बसा." पाणी मागितलं त त्यानं तोंड फिरवलं. मी नाल्यावर जाऊन पदर भिजवला, मायच्या तोंडात पिळला. पुन्हा तिले पाठीवर घेतलं, मेहकरची वाट धरली.

वाटेत पाठीवरचं अंग एकदम जड झालं. मले समजलं. तरी चालत राह्यली. सांगू कोणाले? रस्ता रिकामा होता.

मायचे दिवस झाले अन् रस्त्याच्या कामाचा मुकादम दारात आला. "शेडपुढं बाग कराची हाय. पाहुण्यांले बसाले ओटे. उद्या ये."

"त्या ओट्यावर मले बसू देता?"

तो हसला. "तुले काऊन पाहिजे वं ओटा?"

"मंग मी नाही येत."

बोलून गेली अन् दारातली पाटी उचलून आत ठेवली.

"उपाशी मरशीन."

"मरन."

बाग झाली. ओटेही झाले. माह्यावाचून काहीच अडलं नाही. वाड्यातल्या बाया कामाले गेल्या. त्यांच्या घरी लेकरं होती, मी त्यांले काय म्हणू? ते साल मी अंबाडीच्या पाल्यावर काढलं.

मुकादम अजून येते. कुठं रस्ता निघते, कुठं शेड. मी एकच विचारतो, तिथं आमाले बसता येईन का? तो हसला का मी दार लावून घेतो. पुढं झालेली माही लेक आता पाटी उचलाजोगी झाली. तिलेही सांगून ठेवलं हाय. जिथं आपल्याले बसाची बंदी, तिथं आपला एक खडाही पडणार नाही.