परबकाकांचा कॅनडा

जयवंत परबकाका तीन महिन्यांसाठी मुलाकडे कॅनडाला गेले आणि पाच आठवड्यांत विक्रोळीला परत आले. बिल्डिंगने लगेच कारणं ठरवून टाकली. सुनेशी, रुचिराशी, बिनसलं, थंडी सोसली नाही, मासे मिळाले नाहीत. आमच्या बिल्डिंगला मत बनवायला माहिती लागत नाही. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, तरी खरं काय ते मलासुद्धा पंधरा दिवसांनी कळलं.

काकांनी अंधेरीतल्या एका ऑफिसच्या इमारतीत बत्तीस वर्षं लिफ्ट चालवली. "प्रवास म्हणशील तर लय केलंय गो रेवती, पण वरखाली," असं स्वतःच म्हणायचे. रजा मिळाली की ती गणपतीत कुडाळच्या घरी संपायची. तरी बिल्डिंगमधून कुणी परदेशी निघालं की आदल्या दिवशी काकांना बोलावणं ठरलेलं. देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं तेच घालायचे. त्याआधी तासभर चौकशी चालायची. विमान कुठे बदलायचं, मध्ये किती तास, बॅग कुठे मिळणार? मग ते सगळं साग्रसंगीत देवाच्या कानावर. "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो देवेश उद्या लंडनाक जाता हा. वाटेत दुबयक इमान बदलूचां आसा, थंय तेची चुकामूक होव देव नको रे म्हाराजा." आणि आम्ही सगळे, हातात चहाचे कप असले तरी, "व्हय म्हाराजा" म्हणायचो.

नऊ वर्षांपूर्वी निलेशसाठी, त्यांच्या एकुलत्या एक मुलासाठी, त्यांनी असंच गाऱ्हाणं घातलं. दोन वर्षांनी जानकीकाकू गेल्या, आणि काका रोज संध्याकाळी साडेसातला निलेशच्या घरी जायला लागले. म्हणजे खुर्चीत बसून, डोळे मिटून. मी भाजी घेऊन गेले की हातानेच थांब म्हणायचे. "थंय आता सकाळ. रुचिरा घावने घालता हा. मानसी माझ्या मांडयेर बसली हा. निलेश सांगता हा, बाबा, आज बर्फ लय." फोटो बघून बघून घर पाठ झालं होतं. जिना, मोठी खिडकी, काळं टेबल. नातीला, मानसीला, तर त्यांनी फोनवरच वाढताना पाहिलेलं. मला कधीकधी राग यायचा. भाजी गार होतेय आणि हा माणूस कॅनडात! पण त्यांचा चेहरा बघितला की गप्प बसून राहावंसं वाटायचं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी तेवढीच माणसं होती.

यंदा निलेशने तिकीट पाठवलं. काकांनी स्वतःचं गाऱ्हाणं स्वतःच घातलं, आणि त्यात काही म्हणजे काही सोडलं नाही. व्हिसा, गुडघा, विमानतळावरचा साहेब, दारापुढचा बर्फ. "निलेशाच्या दारापर्यंत सुखरूप पोचव रे म्हाराजा." आम्ही व्हय म्हटलं. काका खरंच सुखरूप पोचले.

"देवान सगळां केल्यान," पंधरा दिवसांनी ते मला म्हणाले. "मीच दारापर्यंतचां मागलंय. आतलां मागूचां ऱ्हवलां."

घर फोटोतल्यासारखंच होतं. जिना, खिडकी, टेबल, एका गोष्टीत फरक नाही. फक्त सकाळी सातच्या आत, म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात वाजायच्या आधीच, तिघंही निघायची. मानसी हातात ब्रेडचा तुकडा घेऊन गाडीत बसायची. मग संध्याकाळी सहापर्यंत घरात काका आणि फ्रीजचा आवाज. निलेशने काही कमी केलं नाही, हे काकांनी मला तीनदा सांगितलं. त्याने दोन दिवस रजा टाकली, दर रविवारी डोंगर दाखवले, सरोवरं दाखवली. सोमवारी पुन्हा तेच.

"तेका काय सांगू? कामाधंद्याचो झील तो, माझ्या बाजूक बस म्हणान सांगू?" ते म्हणाले. "एक दिवस दुपारी टेबलार बसान डोळे मिटलंय, तर हंय इलंय. ह्यो पॅसेज, तुझां उघडां दार. म्हटलां, चला, घराकच जावया."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या दाराची आठवण कुणाला तरी सातासमुद्रापलीकडे झाली होती. म्हणून उत्साहाने म्हटलं, "झालं मग. आता रोज साडेसातला जा की पुन्हा निलेशकडे. आता तर घर डोळ्यांनी बघून आलात."

काका भाजीच्या डब्याचं झाकण काढत होते. ते काढून झालं, बाजूला ठेवलं.

"जाऊन बघलंय गो. खिडकी दिसता, टेबल दिसता. पण त्या येळाक घरात कोण नसता, तां आता माका ठावक आसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात वर्सां रोज थंय जात होतंय, रेवती. एकदा तिकीट काढून गेलंय, आणि तां बंद झालां."