गणपती किती दिवसांचा?

ठाकूरद्वारच्या तात्या मायदेवांना संशय चहासारखा लागायचा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयांसाठी 'कपाट' नावाचं सॉफ्टवेअर लिहून जगाला फुकट वाटलं. लायसन्सची अट एकच: कोणीही घ्या, हवं ते बदला, पण ज्याने जे केलं त्याचं नाव पुसू नका.

नायगावचा पुष्कर तेव्हा त्यांच्या जोडीला होता. तीन वर्षांपूर्वी पुस्तकं लेखकावर लावायची की विषयावर, यावरून दोघांचं बिनसलं. "ह्याला फोर्क म्हणतात, तात्या," असं म्हणून पुष्करने त्याच कोडची वेगळी चूल मांडली: 'नवं कपाट'. तेव्हापासून तात्या त्याची ओळ न् ओळ छापून, पट्टी धरून वाचत.

परवा सापडलं. सभासदाच्या अर्जात रकाना होता, 'घरचा गणपती किती दिवसांचा?' तेवढे दिवस पुस्तक परत मागणारा मेसेज जात नसे. खाली नाव पुष्करचं.

"नलू, चोर सापडला! हा रकाना माझ्या 'कपाटा'तला. त्याचं 'नवं कपाट' वापरणाऱ्या बावीस वाचनालयांना पत्र पाठवतो. तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला."

नलूताई मटार सोलत होत्या. "अहो, पण आपला गणपती दादरला भाऊजींकडे. तुम्हाला दिवस मोजायची वेळ आली कधी?"

तात्या चपापले. पुराव्याला तारीख हवीच, असं पुटपुटत त्यांनी 'कपाटा'तल्या बदलांचा इतिहास उघडला. रकाना आठ वर्षांपूर्वीचा. घालणारा पुष्कर. कारण: 'ऐन गौरीजेवणात आईला वाचनालयाचा मेसेज आला. बिचारी पाहुण्यांदेखत ओशाळली.'

मग आपल्याकडे रकान्याखाली त्याचं नाव कसं नाही? तात्या त्या इतिहासात आणखी पुढे आले. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ते एका फटक्यात सगळीकडून पुसलं होतं. पुसणारा: मायदेव.

पत्र तयार होतं, फक्त बटण दाबायचं. पण बावीस वाचनालयांत इतिहास उघडून बघणारा एखादा तात्या निघणारच, हे तात्यांना कोणी सांगायला नको होतं.

पत्र त्यांनी काढून टाकलं. पुष्करचं नाव होतं तिथे परत लावलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'नजरचुकीने पुसलं गेलं होतं.' नलूताईंनी मागून वाचून नुसतं "हं" केलं. तात्यांनी ते खोडून लिहिलं, 'मी पुसलं होतं.'

पाच मिनिटांत फोन वाजला.

"तात्या, माझं नाव परत लावलंत?"

"हो."

"खरं सांगा हं. माझ्या कोडमधलं काय उचललंत?"

तात्यांना एकदम बरं वाटलं. पोरगा आपल्याच हाताखाली शिकला होता.