तिसऱ्या हाकेपर्यंत

जंगलात कोणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा मारली तरी गप्प राहायचं. तिसऱ्यांदा मारली तर माणूस आहे असं समजायचं. आमच्याकडे हे पोरांना शाळेत घालायच्या आधी शिकवतात. आमचं घर बौद्धांचं, भूतखेत मानणारं नाही. कोणाच्या अंगात आलं की माझी आई ते तिथल्या तिथे उतरवते. पण मोहफुलं वेचायला जंगलाच्या कडेला गेली की हीच बाई पहिल्या हाकेला ढिम्म हलत नाही. विचारलं तर म्हणते, "भूत-बीत काही नसते. पण ओ काहून द्याची?"

माझं पोट मात्र हाक आणि ओ यांच्यावरच चालतं. कोंढ्याजवळच्या आमच्या गावात घरी बसून मी नागपूरच्या एका कंपनीसाठी वेब ॲप्लिकेशन लिहिते. कोणी फोनवर बटण दाबलं की सर्व्हरकडे रिक्वेस्ट येते, ती हाक. फ्रेमवर्क, म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा, ती उचलून मी लिहिलेल्या नेमक्या फंक्शनच्या हाती देतं, आणि त्या फंक्शनने काही ना काही रिस्पॉन्स परत पाठवायचा असतो, ती ओ. काही सापडलं नाही तर 'सापडलं नाही' एवढं तरी सांगायचं, पण मुकाट बसायचं नाही. आणि सर्व्हरने आपणहून कोणाला हाक मारायची नाही. विचारलं तरच बोलायचं. नोकरी लागली तेव्हा मला हा नियम फार मागासलेला वाटला होता.

त्या वर्षी मोह टपकायला लागला आणि शिवारात वाघीण फिरत असल्याची बातमी आली. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं, असं वनरक्षक सांगून गेला. मी मुळात भित्री. घरात पाल दिसली तरी खाटेवर चढणारी. हे ऐकल्याबरोबर आईला म्हटलं, यंदा जाऊ नको. ती म्हणाली, "झाड आपलं आहे. फुलं का तुया कंपनीतले लोक येऊन वेचतीन?"

मग मला जे येतं ते मी केलं. मोह वेचणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये उघडं ठेवायचं एक साधं पान बनवलं. त्यावर एकच मोठं हिरवं बटण, 'आहे'. अधूनमधून ते दाबायचं. ज्या बाईचं 'आहे' बराच वेळ आलं नाही तिला सर्व्हरने विचारायचं. आता सर्व्हर तर आपणहून बोलत नाही. म्हणून मी एक चलाखी केली. फोनमधलं पान थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचं, 'माझ्यासाठी काही?' आणि त्या उत्तरात सर्व्हर हाक घालून द्यायचा. ती आली की फोन वाजायचा.

पहिल्या दिवशी आई घरी आली ती एकदाही ओ न देता. विचारलं तर म्हणे, "ते टिंग वाजते, ते का हाक होय?" मी चिडले, पण तिचं म्हणणं पटलंही. मग मी माझा आवाज भरला. आईच्या फोनमधून मीच ओरडायचे, "आई!" आणि जंगलाचा नियम जसाच्या तसा कोडमध्ये बसवला. पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही तर घाबरायचं नाही, दुसरी पाठवायची. तिसरीलाही आलं नाही, तरच गावातले सगळे फोन वाजवायचे. पुण्यातला कुठला इंजिनिअर असं करेल? मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या एका सकाळी मी चहाचा कप घेऊन स्क्रीनसमोर बसले होते. इतर बायकांचे 'आहे' येत होते. आईचं आलं नाही. पहिली हाक गेली. मी मनात म्हटलं, नेहमीचंच आहे. दुसरी गेली. मी कप खाली ठेवला. त्याहून वाईट म्हणजे तिच्या फोनची 'माझ्यासाठी काही?' ही विचारणा ठरल्यासारखी येत होती. फोन शाबूत होता, नेटवर्क शाबूत होतं, हाक पोचत होती. ओ देणारी बाई तेवढी बोलत नव्हती. फोन बंद पडला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मग बॅटरीला तरी शिव्या देता आल्या असत्या.

तिसरी हाक जाताना मी स्क्रीनकडे बघून खरोखरच ओरडले, "दे ना वं ओ!" ओ आली नाही. गावभर फोन वाजायला लागले.

पुढचं मला तुटक आठवतं. शेजारचे काका काठी घेऊन बाहेर आले. कोणी तेलाचा रिकामा डबा उचलला, कोणी थाळी. मी चपला न घालता निघाले होते, हे बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर काटा रुतला तेव्हा कळलं. डबे बडवत, आरडाओरडा करत आम्ही धावत होतो. मला काही दिसत नव्हतं. आईचं जांभळं लुगडं जमिनीवर कुठे पडलेलं दिसू नये, एवढंच मी मागत होते. कोणाकडे मागत होते ते माहीत नाही, आमच्याकडे तशी सोय नाही.

ती दिसली. मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती, ताठ, दोन्ही हात पोटाशी धरून. मी तिच्यापर्यंत पोचले आणि आधी रडायचं सोडून भांडायलाच लागले. "तीन हाका दिल्या! तिसरीले तरी ओ द्याची ना! काय समजू मी?"

तिने नुसतं हनुवटीने समोर दाखवलं. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्याची राख पसरलेली होती. त्या राखेत पंजे उमटले होते. काकांनी आपला तळहात त्यावर धरून बघितला, पंजा तळहाताहून मोठा होता. पंजे झुडपातून निघून टोपलीच्या बाजूने आले होते आणि आईच्या पायांच्या अलीकडेच थांबून परत वळले होते.

"डब्यांच्या आवाजानं गेली," आई म्हणाली. "पहिले तिकडं झुडपात बसून होती. मले पाहून नोती राहिली. मंग तू हाक मारली."

मी तिच्या पोटाशी धरलेल्या हातांकडे बघितलं.

"हाक मारली का ती मान वर करे. दुसरीले उठली. तिसरीले चालत आली. मी मोबाईल कमरेतून काढला अन् दोन्ही हातानं पोटाशी दाबून धरला, आवाज नाई निघाव म्हणून. बटन दाबाले तिच्यावरची नजर कशी काढू?" तिने ते हात अजून सोडले नव्हते. मी तिची बोटं एकेक करून उकलली, तेव्हा कुठे फोन बाहेर आला. "पोरी, तुयंच तोंड दाबून राहिली असं वाटलं मले. तू आई आई करून राहिली, अन् मी तुयं तोंड दाबून राहिली."

घरी आल्यावर मी हाकेचं फंक्शन पुसून टाकलं. माझ्या आवाजाची फाईलही. कोडमध्ये ते काढायला काही वेळ लागला नाही. आता सर्व्हर आपणहून कोणाला काही म्हणत नाही. आई झाडाखाली पोचली की बटण दाबते, निघताना दाबते, आणि रिस्पॉन्समध्ये तिच्या फोनवर मुकाट एक शब्द उमटतो, 'ओ'. मधल्या वेळात मी स्क्रीनसमोर बसून असते. चहा निवतो. भीती काही कमी झालेली नाही, उलट पूर्वी ती तीन हाकांमध्ये विभागलेली होती, आता सलग असते.

त्या सकाळपासून मी घरातही आईला मोठ्याने हाक मारत नाही. काही हवं असलं की उठते आणि ती असेल तिथपर्यंत चालत जाते.