मामांच्या बँडला बेस हवा

मी माउथ ऑर्गनच्या तालमीला पेटी घेऊन गेलो. बायकोचे मामा फोनवर स्वच्छ 'हार्मोनिका' म्हणाले होते. मी हार्मोनियम ऐकलं, आणि लंडनमध्ये एजवेअरहून पिनरपर्यंत ते धूड बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. मामांनी दार उघडलं, पेटीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, ही तोंडात मावेल का?"

स्विंग नावाच्या त्या जुन्या नाचऱ्या संगीताच्या जमान्यावर मामांइतका हक्क सांगणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये नसेल. माउथ ऑर्गनचे बँड तेव्हा थिएटरंच्या थिएटरं भरून टाकायचे, सुटाबुटातली माणसं खिशातून हे एवढंसं वाद्य काढायची आणि गर्दी नाचायला उठायची, हे सगळं ते "आमच्या वेळी" अशी सुरुवात करून सांगतात. त्या वेळी मामांचा जन्म व्हायचा होता, आणि तोही नागपुरात. इथे आल्यावर पहिल्या घरमालकाच्या रेकॉर्डी ऐकून त्यांनी तो काळच दत्तक घेतला. तालमीच्या दिवशी ते चिवड्याला हात लावत नाहीत. शेवेचा कण वाद्यात अडकला की सूर गेला म्हणतात. एकदा गणपतीच्या आरतीत सगळे ज्या मात्रेवर टाळी देत होते ती सोडून ते स्विंगच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या मात्रेवर टाळी देऊ लागले. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा हॉल फितूर झाला, आणि गुरुजी भलत्याच डौलात निरांजन ओवाळू लागले.

बँडात मामा धरून चौघं. त्यांतले बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारा मोठा माउथ ऑर्गन, वाजवणारे गोरे आजोबा मुलीकडे नॉटिंगहॅमला राहायला गेले आणि मामांचं जेवणातलं लक्ष उडालं. मागच्या वर्षी टी डान्सला, म्हणजे चहापान आणि नाचाच्या कार्यक्रमाला, बेसशिवाय वाजवलं, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये लोकांनी स्कोन खात कौतुकाने ऐकलं; नाचायला एकही जण उठला नाही. यंदाही कोणी उठलं नाही तर बँड बंद, असं मामांनी सांगून टाकलं होतं. म्हणून मी. "बेसला फक्त फुंकायचं असतं, श्वास ओढून वाजवायचं नसतं," त्यांनी समजावलं. "तुम्हालाही जमेल."

यंदाच्या टी डान्सला दुसऱ्याच गाण्यात फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मामा वाजवता वाजवता खुर्च्यांकडे बघत होते; खुर्च्या हलत नव्हत्या. आणि मामी उठल्या. इतकी वर्षं प्रत्येक तालीम स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या मामींनी कार्डिगन खुर्चीला अडकवलं, एकट्याच हॉलच्या मधोमध आल्या आणि पावलं टाकू लागल्या. मग एक आजी उठल्या, मग त्यांची मैत्रीण, मग अख्खं टेबल. मामांचा एक सूर हुकला. त्यांना चुकताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या तालमीचा दिवस त्यांनी तिथेच जाहीर केला. कपबशा आवरणाऱ्या मामींना मी ऐटीत विचारलं, "मामी, माझ्या बेसमुळेच उठलात ना?"

"हो," मामी म्हणाल्या. "ठेका इतका चुकत होता, म्हटलं कुणीतरी पावलांनी दाखवायला हवा."