चौदा दिवसांची खाट आणि सहा शेळ्या

नोकरीभर आरोग्य खात्यात नंदुरबारचे तक्ते टाइप केले, नंदुरबार मात्र कधी पाहिलं नव्हतं. कुपोषित मुलांसाठीचा पैसा खर्ची पडलेला आणि दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या, हे कोडं मी नीट समास सोडून पुढे पाठवत असे. निवृत्त झाले, मग हेही गेले. घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा डिसेंबरात एकटीच तोरणमाळला निघाले.

पुण्याहून एसटीने नंदुरबार, तिथून शहादा. पुढची बस वेळ विचारूनच धरा, माझी चुकली. मग जीप: शंभर रुपये आणि मांडीवर दुसऱ्याची पिशवी. "एकल्याच शेतस का मावशी?" चालकाने विचारलं. हो म्हणाले आणि पिशवी सावरून बसले.

शेजारी जमना नावाची बाई होती, पदराखाली दीड वर्षाची सोनी. पोरीचा दंड माझ्या अंगठ्याएवढा, रडायचंही त्राण नव्हतं. "चौदा दिवस दवाखानामा ऱ्हावानं व्हतं," चालक म्हणाला, "पाचव्याच दिवशी परत उनी."

माझ्यातली कारकून जागी झाली. "अगं, औषध, जेवण फुकट, वर बुडीत मजुरी मिळते. मग आलीस कशाला?" तिने तोंड फिरवलं. सातपायरी घाट पोट ढवळून काढतो, रिकाम्या पोटी चढू नका. मी वळणं पाहिलीच नाहीत, पोरीकडेच बघत होते.

वर पाड्याच्या फाट्यावर तिथली आशा सेविका भेटली, मीना. जमनाला पाहून तिने कपाळावर हात मारला. दोघी त्यांच्या पावरी बोलीत बोलल्या. मग मीनाने मला सांगितलं, "नवरा ऊसतोडीला गेलाय. शेळ्या शेजारणीकडे होत्या, सातातली एक बिबट्यानं नेली. आता ती सांभाळत नाही. खाटेला पैसा आहे ताई, शेळ्यांमागे माणूस नाही."

तीस वर्षांच्या कोड्याचं उत्तर असं रस्त्यावर मिळालं, आणि मी त्या बाईला फुकटचं सुनावून बसले होते. लाज वाटली.

मुक्कामाची खोली आधी ठरवून जा, थंडी हाडात शिरते. तलाव देखणा आहे, पण "बघ ना" म्हणायला कोणी नसलं की तो खायला उठतो. मी लवकरच खोलीवर परतले.

सकाळी पाड्यावर गेले, तर मीनाने लाह बोलावली होती. एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, पुढे त्याने इतरांकडे जायचं, ही इथली रीत. एक म्हातारा काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. "शेळ्या राखायला लाह कधी ऐकली नाही म्हणतात," मीनाने सांगितलं. "मी म्हटलं, शेळ्या नाही, पोर राखायचीय."

चौदा दिवसांना तेरा घरं मिळाली. आजचाच दिवस उरला. "आज मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

जमना दुपारच्या जीपने सोनीला घेऊन परत खाली गेली. मी सहा शेळ्यांमागे. दोन तुरीत घुसल्या, मालकिणीने पावरीत यथेच्छ उद्धार केला. संध्याकाळी मीनाकडे मक्याची भाकर, उडदाची आमटी. कोणाच्या पंगतीला बसून जेवले, त्याला कित्येक महिने झाले होते.

पुण्याला परतल्यावर रोज सोनीचाच विचार. जमना पुन्हा निघून आली असेल का? तिसऱ्या आठवड्यात मीनाचा फोन आला. "चौदाही दिवस राहिली. सोनी भिंत धरून उभी राहते आता." मी रडले, तिनेही रडू दिलं.

"जमना विचारते, तुमचं काम कधी? तुमचा एक दिवस तिच्यावर आहे."

मी हसून म्हटलं, "कसलं काम! मोतीबिंदू काढायचाय. खर्च योजनेतून होतो, पण सोबत माणूस हवं म्हणतात. दोन वर्षं राहिलंय तसंच."

"मग शेजारी लाह सांगा ना."

"हो, सांगते," म्हणाले. या मजल्यावर मला अकरा वर्षं झाली. समोरच्यांचं आडनाव तेवढं माहीत आहे, तेही दारावरच्या पाटीवरून.