साडेसहा सेंटिमीटरची माणसं

आमच्या घरात गेली दोन वर्षं एक कलावंत राहतोय. हे नाव मी ठेवलेलं. तोंडावर म्हणत नाही, वहीत म्हणते. माझ्या नणंदेचा एकुलता एक मुलगा. इंटिरिअर डिझाइनचं कॉलेज आमच्या घरापासून तीन बसस्टॉपवर, म्हणून वन्संनी त्याला आमच्या पुढच्या खोलीत आणून सोडला आणि जाताना म्हणाल्या, "वहिनी, त्याला काही लागत नाही हो. एक कोपरा दिला की पुरे."

त्या कोपऱ्यानं पंधरा दिवसांत अख्खी खोली गिळली. पुठ्ठे, गोंद, रंगांच्या चिठ्ठ्या, कापडाचे तुकडे. त्या तुकड्यांत एक हिरवा ओळखीचा वाटला, म्हणून बेडरूममधला पलंगामागचा पडदा पाहिला. खालचा वीतभर भाग गायब. मी विचारलं तर म्हणाला, "मामी, टेक्स्चर हवं होतं." चोरीला टेक्स्चर म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या वर्षी तो वर्षअखेरच्या प्रोजेक्टात नापास झाला. त्याच्या वडिलांचं नळ आणि बेसिनचं दुकान आहे. त्यांनी यंदा स्पष्ट सांगून टाकलं, "या खेपेला पास झालास तर पुढे शीक. नाहीतर सामान उचल आणि ये, गल्ल्यावर बस." म्हणजे यंदा आर नाहीतर पार. हे त्याला ठाऊक, वन्संना ठाऊक, आम्हाला ठाऊक. वन्सं दर दोन दिवसांनी फोन करून मला म्हणायच्या, "तुम्ही रोज देवासमोर बसता, त्याच्यासाठी दोन शब्द टाका."

प्रोजेक्ट होता 'क्रिएटिव्ह ऑफिस'. जागा खरी हवी, माणसं खरी हवीत, अशी कॉलेजची अट. जागा मीच मिळवून दिली. माझा मोठा भाऊ, दादा, वह्यांची मुखपृष्ठं आणि खोक्यांवरची चित्रं काढून देणारं एक छोटं ऑफिस चालवतो. चौदा माणसं. खालच्या मजल्यावर एकमेकांच्या कोपरांत कोपर घालून बसतात. वरची मोठी खोली नुकतीच त्याला मिळाली, बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. दादा म्हणाला, "पोरानं चांगलं काढलं तर तसंच बांधून घेऊ. नाहीतरी सुताराला काहीतरी सांगावं लागणारच आहे."

कुणीही हुरळून जाईल अशी संधी. आमच्या कलावंतानं काय केलं? तीन आठवडे कॉन्सेप्ट शोधला. कॉन्सेप्ट म्हणजे आधी ठरवायचं की खोली ही खोली नाहीच. पहिल्या आठवड्यात ती वारूळ होती. दुसऱ्या आठवड्यात ढग. तिसऱ्यात ती 'प्रवाह' झाली आणि तिथेच अडकली. पलंगावर उताणा पडून तो छताकडे बघायचा. मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?"

"काम करतोय मामी."

"बरं. काम झालं की पंखा बंद कर."

मग एक दिवस प्रश्नावली घेऊन दादाच्या ऑफिसात गेला. मीही गेले होते, दादाला औषधं द्यायची होती. त्यामुळे हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं. यानं पहिला प्रश्न विचारला, "काम करताना तुमच्या मनात कोणता रंग असतो?"

समोर चित्रकार बाई होत्या. वीस वर्षं दादाकडे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "रंग गिऱ्हाईक सांगतं तो असतो. तू असं लिही, मी डावरी आहे. मला उजेड उजवीकडून हवा. इथे तो डावीकडून येतो, माझ्याच हाताची सावली माझ्या चित्रावर पडते. वीस वर्षं मी सावलीत काढतेय."

यानं लिहिलं. मी मागून डोकावले. वहीत होतं: 'उजेड — आतली ऊर्जा.'

दुसरा एक जण म्हणाला, "टेबलाखाली पाय लांब करता येतील एवढं बघा हो, गुडघे गेले." यानं लिहिलं: 'स्वातंत्र्याची ओढ.' तिसरा म्हणाला, "ओले कागद वाळवायला दोऱ्या हव्यात." ते लिहिलंच नाही. दोऱ्या प्रवाहात बसत नसाव्यात.

उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. हा उंटावर बसून शेळ्यांना त्यांचं स्वप्न विचारत होता.

पुढचे दोन महिने तो कागदावर खोली भरत होता. चौदा टेबलं. गप्पा मारायला पायऱ्यापायऱ्यांचं बसणं. एकट्यानं विचार करायला लाकडी झोपडी, कारण उघड्यावर विचार सुचत नाही म्हणे. मीटिंगची काचेची खोली. झाडांची भिंत. आणि बरोब्बर मधोमध झोपाळा.

"झोपाळा कशाला रे?"

"हालचालीतून कल्पना येतात मामी. झोपाळा हा या जागेचा आत्मा आहे."

आत्म्याबद्दल मी सकाळ-संध्याकाळ वाचते. तो साखळ्यांना टांगलेला असतो असं कुठे आढळलं नाही. पण म्हटलं, शिकलेला मुलगा आहे, आपण गप्प बसावं.

आठ दिवस उरले तेव्हा मॉडेल तयार झालं. खऱ्याचा विसावा भाग, असं त्यानं सांगितलं, आणि खरंच सुबक होतं. बोटभर टेबलं, नखाएवढे दिवे, काडीच्या पायऱ्या. हात चांगला आहे त्याचा, खोटं का बोला. पुठ्ठ्याची पांढरी माणसंही कापून ठेवली होती, कुणी बसलेलं, कुणी दाराशी उभं. खोली ऐसपैस दिसत होती. चौदा टेबलं, झोपडी, पायऱ्या, झोपाळा, आणि तरी मोकळी हवा.

मी दुपारी तिथला केर काढत होते. दाराशी उभ्या त्या पुठ्ठ्याच्या माणसाकडे लक्ष गेलं आणि काहीतरी खटकलं. दाराची कडी त्याच्या खांद्याला लागत होती. आपल्या घरात कडी कुठे येते? कमरेच्या जरा वर. मी तीस वर्षं घरातल्या सगळ्यांचे कपडे बेतते. माणसाचं माप चुकलं की माझ्या डोळ्यांना टोचतं. शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि माणूस मोजला. साडेसहा सेंटिमीटर. विसानं गुणलं. एकशे तीस. म्हणजे तिसरी-चौथीतलं पोर. मग सगळेच मोजले. सगळे एकशे तीस. खुर्च्या त्यांच्या मापाच्या, टेबलं त्यांच्या मापाची. भिंती आणि दार तेवढं खरं, कारण ते कॉलेजवाले पडताळून बघतात.

खोलीत मावत नव्हतं म्हणून गड्यानं माणसंच धुवून आटवली होती.

तो आला तेव्हा मी टेप गळ्यातच ठेवली होती. "हे काय आहे?"

आधी तो लालबुंद झाला, मग हसला. "मामी, तुम्ही पण ना! हे नुसतं दिसण्यासाठी असतं. माणसं कुणी मोजत नाही."

"मी मोजली."

"तुम्ही परीक्षक नाही."

"दादा हे बांधून घेणार आहे. त्याची माणसं आटणार नाहीत. चित्रकार बाई त्या खुर्चीत बसल्या तर उठताना खुर्चीच सोबत येईल."

"बांधताना बघू की. आधी पास तर होऊ द्या. सगळेच करतात हे, थोडं छोटं करायचं. नाहीतर मला काहीतरी काढावं लागेल."

"मग काढ."

"काय काढू? सगळं जोडलेलं आहे एकमेकांशी!"

आठ दिवस हातात होते. एवढ्यात माझ्या आईनं मुलींची दोन लग्नं पार पाडली असती. यानं काय केलं, तर झाडांच्या भिंतीला आणखी पानं चिकटवली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? कॉलेजला कळवावं का, असाही विचार आला. पण चहाडी हे पाप, आणि खोटं झाकणं हेही पापच. संध्याकाळी देवासमोर बसले. वन्संचा निरोप पोचवायचा होता, पण 'याला पास कर' हे शब्द तोंडातून निघेनात. शेवटी म्हटलं, "याला एकदा नीट विचार करायला भाग पाड. पुढे तुझी इच्छा."

परीक्षेच्या दिवशी जागेच्या मालकाला बोलावलं होतं. दादा गेला, सोबत चित्रकार बाईंना नेलं आणि मीही गेले. कॉलेजच्या लांबलचक हॉलमध्ये ओळीनं मॉडेलं मांडलेली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे एक वाकलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. आमचा कलावंत पंधरा मिनिटं बोलला. प्रवाह, ऊर्जा, संवाद. परीक्षक ऐकत होते आणि त्यांचं एक बोट दारातल्या त्या माणसापाशी उभं होतं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"सर, वापरणारे."

"फारच लहान चणीचे दिसतात."

इथे खरं सांगून टाकायचं. पण नाही. आमचा भाचा म्हणाला, "सर, ती शाळेची मुलं आहेत. ऑफिस बघायला आलीयत."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. परीक्षक म्हणाले, "अच्छा. आणि मोठी माणसं?"

"ती... मीटिंगमध्ये आहेत."

परीक्षकांनी काचेच्या खोलीवर बोट ठेवलं. "ही मीटिंगची ना? रिकामी आहे."

"संपली असेल सर."

मी पदर तोंडाला लावला. हसायला नव्हे. लाज वाटली म्हणून.

परीक्षक दादाकडे वळले. "तुमच्याकडे शाळेची मुलं येतात का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर पोरगं तरलं असतं. मी दुसरीकडे पाहिलं. दादा म्हणाला, "साहेब, आमच्याकडे चौदा जण आहेत. सगळे पुरते वाढलेले. मी तर जरा जास्तच."

मग परीक्षकांनी चिकटपट्टीचं रीळ मागवलं. मापाची माणसं धरली तर टेबलाची खुर्ची आणि झोपडी यांच्या मधे किती वाट उरते ते काढायला लावलं. पंचेचाळीस सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर हॉलच्या फरशीवर दोन पट्ट्या ओढल्या, एका पट्टीवर खुर्च्या लावल्या, दुसरीवर बाक उभे केले आणि दादाला म्हणाले, "चालून दाखवता का?"

दादानं कोट काढून माझ्याकडे दिला. मोठ्या माणसाची अब्रू काय असते ते त्या दिवशी पाहिलं. सरळ गेला, अडकला. आडवा झाला, तरी पोट अडकलं. मग तो मागे मागे सरकत बाहेर आला, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो पोरगा खिडकीबाहेर बघत होता.

तरी परीक्षक दयाळूच म्हणायचे. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुमचा हात चांगला आहे. मागच्या वर्षी नापास झालात, तेही मला माहीत आहे. दहा मिनिटं देतो. माणसं खऱ्या मापाची आहेत असं समजा आणि इथून हवं ते उचलून वाट मोकळी करा. काय उचलायचं ते तुम्ही ठरवा. नीट ठरवलंत तर पास करतो."

दहा मिनिटं! झोपाळ्याला पुढे-मागे जायला जेवढी जागा ठेवली होती तेवढ्यात अख्ख्या खोलीचा श्वास मोकळा झाला असता. मला दिसत होतं, दादाला दिसत होतं, मागे उभ्या पोरांना दिसत होतं. मागून एक पोर तर हळूच म्हणालं, "अरे, मधलं, मधलं!"

त्याचा हात झोपाळ्यावर गेला. क्षणभर थांबला. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. मग हात पुढे सरकला. त्यानं खिडकीकडचं एक टेबल उपटलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. त्यावर बसलेली पांढरी माणसंही चिमटीत उचलली आणि बाजूला कागदावर ठेवली. वाट मोकळी झाली. झोपाळा मधोमध, जागच्या जागी.

"झालं सर," तो म्हणाला. घाम पुसत होता, पण खूश होता.

परीक्षकांनी कागदावरच्या चौघांकडे पाहिलं. "हे कुठे बसतील?"

"सर, फिरतं बसणं. ज्याला जसं सुचेल तसं."

चित्रकार बाई पुढे वाकून म्हणाल्या, "खिडकीकडचं ते माझं होतं ना? उजेड उजवीकडून येत होता तिथे." आवाजात राग नव्हता. राग आपल्या बरोबरीच्यावर करतात.

परीक्षकांनी टोपण काढलं, एक ओळ लिहिली, टोपण लावलं आणि पुढच्या मॉडेलकडे गेले. काय लिहिलं ते विचारायची गरज नव्हती, पण तासाभरानं फळ्यावर लागलं तेही. नापास.

वन्संना फोन मीच केला. त्या रडल्या. म्हणाल्या, "उद्या त्याचे वडील येतील न्यायला." मी हं म्हटलं. आईचं रडणं खरं असतं, त्याच्यावर मी काही लिहीत नाही.

तो हॉलबाहेरच्या बाकावर बसला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. निदान आता तरी एखादा शब्द निघेल, दादाला फुकट अडकवलं, बाईंचं टेबल काढलं, असा. तो गटागटा प्यायला आणि म्हणाला, "त्या माणसाला दृष्टीच नाही मामी. तुम्हीच सांगा, झोपाळा काढला असता तर तिथे उरलं काय असतं?"

"चौदा माणसं," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय मी! नुसती माणसं!" तो म्हणाला, आणि कपाळाला हात लावला.

मी बाटली घेतली, झाकण लावलं. दादा जिन्यापाशी कोट घालत उभा होता, चित्रकार बाई त्याच्या पाठीवरची खुर्चीची धूळ झटकत होत्या. मी म्हटलं, "चला, आपण तिघं बसनं जाऊ. तो येईल मागून, सुचेल तेव्हा."