सतरा पानांची लग्नपत्रिका

"पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस! माझं नाव मुंगीएवढं, अन् त्या पाहुण्याचं हत्तीएवढं?"

आबा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आले. आमची पंचवटीतली गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातला कुकर आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर शिट्टी देतो. त्या गल्लीत आबांचा आवाज शिरला आणि दोन रिक्षा आपोआप मागे सरकल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं घाबरून एका गिऱ्हाइकाला कोथिंबीर फुकट दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण आजवर इतक्यांना सांगितलंय की आता तेच खरं धरायचं.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे. देवळ्याला त्यांचा कांदा असतो आणि त्यांचा शब्द असतो. दोन्ही डोळ्यांत पाणी आणतात. पहिली एसटी पकडून ते आले होते. फोन असा पुढे धरलेला, जसा काही पंचनाम्याचा कागद. फोनवर होती माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका. छापलेली नव्हे, वेबपेज! आणि ते केलं होतं मी. चाळिशी उलटल्यावर, ब्लाउज शिवून शिवून सुईनं भोकं पडलेल्या या बोटांनी.

मी वेबपेजच्या क्लासला गेले होते ते ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो नेटवर टाकायला. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडला की बंद करायचा. पोरं विसरायची, मग त्यांची पानं अर्ध्यातून जाड अक्षरात धावत सुटायची. माझं एकदाही झालं नाही. काज केलं की समोर बटण लावणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं? परिच्छेदाला पी, लिंकला ए, फोटोला इमेज, हे मी पोळ्या लाटता लाटता पाठ केलं. सर म्हणायचे, "काकू, तुमच्यासारखा स्वच्छ कोड मी पाहिला नाही." म्हणजे त्यांनी 'बरा आहे' असं म्हटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी हेच वाचलं.

मथळ्याचे टॅग सहा. एच-वन सगळ्यात मोठा, तिथून उतरत उतरत एच-सिक्स सगळ्यात बारीक. सरांचा नियम होता, एका पानावर एच-वन एकदाच. मी नियम पाळला. नवरा-नवरीला एच-वन. नवरदेवाच्या आजोबांना, पाहुणे म्हणून, एच-टू. आपली माणसं काय, घरचीच, म्हणून त्यांना एच-फोर. पत्रिकेत नाव एक ओळ खाली गेलं म्हणून जिथे भावकी तीन पिढ्या बोलत नाही, तिथे मी अक्षरांचे सहा आकार घेऊन गेले होते!

"आबा, बसा तरी. चहा टाकते."

"चहा नको. मला मोठं कर."

मी त्यांना कॉम्प्युटरशेजारी खुर्ची दिली आणि सरांची मनातल्या मनात माफी मागून सगळ्यांनाच एच-वन करून टाकलं. फोनच्या पडद्यावर एका वेळी एकच नाव मावायला लागलं. आबा बोट घासत घासत स्वतःपर्यंत पोहोचले तोवर नको म्हटलेले दोन कप संपले होते.

"हे काय? आपण सगळे काय इलेक्शनला उभे हाय का?"

मग मी यादीचा टॅग लावला. तो आपला आपण आकडे घालतो, हे माझ्या ध्यानात होतं; आबांच्या आकड्याचं काय होईल, हे नव्हतं.

"चौथा नंबर?"

"वयानं लावलंय, आबा. तीन आत्या तुमच्याहून मोठ्या आहेत."

"वय कोण विचारतंय? मान विचारतोय मी." ते उठले. "लावा तुमचं तुम्ही लग्न. मी आपला कांद्याच्या चाळीत कांदा निवडत बसतो. येत नाय मी."

संध्याकाळी पुतणीचा फोन. "काकू, आबा नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही." ती थट्टा करत नव्हती. पहिलीपासून दहावीपर्यंत आबांनीच तिला सायकलवर शाळेत नेलं होतं, पावसात स्वतः भिजून तिच्यावर छत्री धरत. "तुझ्या टॅगपायी माझं लग्न मोडलं तर बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लाउज बेतत होते. माझ्याकडे छत्तीसच्या मापाचं एकच कागदी कटिंग आहे. त्यावर मी अख्ख्या पंचवटीचे ब्लाउज बेतलेत. फक्त गळा बदलायचा. कात्री हातातच राहिली. कटिंग एक, गळे सतरा! रुसू शकतील अशी माणसं मी मोजली, दोन्हीकडची मिळून सतराच निघाली. पत्रिकेची फाइल सतरा वेळा कॉपी केली. प्रत्येक पानावर वेगळ्या माणसाला एच-वन. एका पानाला एकच, सरांचा नियमही शाबूत. नवरा-नवरी गेले एच-टूमध्ये. लग्न त्यांचं होतं, पण ते थोडेच रुसणार होते! मग ज्याला त्याला ज्याची त्याची लिंक. आबांचा देवळ्याहून उलट फोन आला. एवढंच म्हणाले, "आता दिसतंय." मी घरात एकटीच नाचले. जमीन हलली असणार, खालच्या मजल्यावरचे विचारायला आले होते.

लग्न विंचूरजवळच्या कार्यालयात. मुहूर्ताला वीस मिनिटं, मी अक्षतांचं ताट घेऊन फिरतेय आणि पाहते तर पुढच्या सोफ्यावर आबा आणि नवरदेवाचे आजोबा मांडीला मांडी लावून. दोघांच्या हातात फोन. दोघे एकमेकांना पत्रिका दाखवतायत.

"सूनबाई!"

सनईवाला थांबला. नवरीच्या खोलीच्या दारात पुतणी मुंडावळ्या धरून उभी.

"हे काय हाय? यांच्यात हे मोठे, माझ्यात मी मोठा?"

लपवण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगू, लपवायचंही नव्हतं. एवढं काम करून कुणाला सांगता येत नाही, हे मला पंधरा दिवस आतून टोचत होतं. "सतरा पानं केलीत, आबा!" मी म्हटलं, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात. "हातानं. प्रत्येकाचं वेगळं. आणि एकही टॅग उघडा नाही!"

भराभर फोन बाहेर निघाले. नवरदेवाचे आजोबा असे हसले, असे हसले, की फेटा सुटून मांडीवर आला आणि तो बांधायला चौघे धावले. आबा हसले नाहीत. आजोबांचा फोन हातात घेऊन ते अंगठ्यानं पान खाली, आणखी खाली सरकवत राहिले. मग मला वाकायची खूण केली.

"यांच्या पानावर मी कितवा?" कानात विचारलं.

"पाचवे."

"अन् माझ्यावर हे?"

"सहावे."

आबांनी फोन सोफ्यावर ठेवला.

"बरं," म्हणाले. "अक्षता दे."